सरसूची पाठ आणि माझा पाय

सकाळी डोशाचं पीठ ढवळत होते, तेवढ्यात पुतण्याचा फोन. "काकू, आई गेली." मी विचारलं, "कुठं?" ... तीन महिने जिला कूस बदलता येत नव्हती ती कुठं जाणार, एवढंही न कळणारी मीच शहाणी! सरसू माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले. अशा माणसानं कमरेला लाथ लावली की लचक जाते, असं आमच्यात मानतात. लग्न होऊन म्हैसूरला आले आणि आमच्या शिंप्यांच्या गल्लीत माझ्या डाव्या पायाला दसऱ्याला हत्तीवरच्या अंबारीत बसणाऱ्या देवीचा मान मिळाला. दिवसभर मशीनवर वाकणारी माणसं अंगणात पालथी पडायची आणि मी, तेवीस वर्षांची, पैंजण वाजवत तीनदा पाय लावायची. काय तो तोरा! साधी लचक तशीही आठवडाभरात जाते, हे कुणी सांगितलं असतं तरी ऐकायला मी जमिनीवर होते कुठं? सरसू माझं पहिलं गिऱ्हाईक. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले तिनं. पाठ धरली की हाक यायची, "अक्का, स्वल्प पाय लाव गं," आणि दोन दिवसांनी बाई पुन्हा मशीनवर.

गेल्या दसऱ्यानंतरचं दुखणं मात्र जाईना. आडवं पडलं तरी थांबेना, झोपेतून उठवायचं. पुतण्या डॉक्टरकडे न्यायला निघाला, तर मीच म्हटलं, "सुम्ने इरो, गप बैस! शिंप्याची पाठ नाही दुखणार तर काय वकिलाची?" सगळे हसले. सरसूसुद्धा. संक्रांतीपर्यंत मी पाच-सहा वेळा पाय लावला. शेवटच्या वेळी ती ओरडली... तो उचललेला पाय पुन्हा कुणाच्या पाठीवर ठेवला नाही. चार दिवसांनी तिचे पाय बधिर झाले, लघवी झालेली कळेना. इस्पितळात समजलं, कॅन्सर मणक्यात उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस काय केलंत?" मी तोंड उघडणार तोच सरसू म्हणाली, "बाम लावत होते."

बाईंना मी बाहेर गाठलं, लाथेचं सगळं सांगितलं. "माझ्यामुळं झालं का हो?" त्या म्हणाल्या, "कॅन्सर लाथेनं होत नाही, आजी. अशा पाठीला धक्का द्यायचा नसतो, हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे महिने गेले. एवढं वजन उतरलं, कुणाला दिसलं नाही?"

नव्हतं दिसलं. कपडे तर तिला नेहमीसारखे नेमके बसत होते.

दिवसकार्य उरकल्यावर तिच्या सुनेनं कपाट उघडलं. सरसूचा एक ब्लाऊज मी सहज उलटा केला. बगलेखाली शिवणीची एक ओळ, तिच्या बोटभर आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. दुसरा काढला, तोही तसाच. सगळेच तसे. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप जिला तोंडपाठ, तिला स्वतःचं कळत नव्हतं थोडंच? दर वेळी आत घेत होती, अंगात घालत होती आणि येऊन माझ्यापुढं पालथी पडत होती...

एक ब्लाऊज मी ठेवून घेतलाय. तिसरी ओळही पट्टीनं आखल्यासारखी सरळ आहे.