पाळकसाहेब खाली बसले

बायको गेल्यापासून माझ्या पायांची नखं वाढतच होती. गुडघ्यांमुळे मला वाकता येत नाही, पण हे सांगणार कुणाला?

रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "काका, नेलकटर कुठंय?"

"अहो साहेब, तुम्ही नको!"

तोवर ते फरशीवर बसले होते. माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

वेदीजवळ उभ्या असलेल्या या माणसाकडे मी नेहमी मान वर करून पाहिलं होतं. त्यांचे विरळ झालेले केस आज पहिल्यांदाच दिसले. कितीतरी महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता.

प्रार्थना राहूनच गेली. ते गेल्यावर बराच वेळ मला पाय जमिनीवर टेकवावासा वाटेना.