फुगे कुणी केले?

निघताना माझी म्हातारी आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "जातेस तू, की नेतात तुला?" मी बॅगेची चेन ओढत राहिले. नवरा गेल्यावर वसई सोडून पोराकडे दुबईला निघाले होते मी. हिल्डा, तू माझी धाकटी जाऊ, तू तिथेच होतीस, तुला आठवत असेल. आणि माझ्यासारख्याच म्हातारपणी इकडे आलेल्या बायांनो, तुम्हीही वाचा.

अल बर्शातल्या या फ्लॅटातून सकाळी पोरगा नेल्सन कामाला जबल अलीची बस धरतो, सून हॉटेलच्या ड्युटीला जाते. उरतो आम्ही दोघी, मी आणि माझी नात जेनिस. मला वाटलं होतं, आता नात माझी. कसली माझी! मी चार वाक्यं बोलावीत, तिने कानातले इयरफोन न काढता "ओके आजी, लेटर" म्हणावं. खलास.

तिला हॉटेलचं शिकायला इटलीला जायचंय. म्हणून समोरच्या फ्लॅटमधली सिल्विया, माझ्याच वयाची इटालियन बाई, दर मंगळवारी तिला भाषा शिकवायला येते. तिच्यासमोर आमची पोरगी हात नाचवून बोलते, खळखळून हसते! मी सिल्वियाला चहा देते, बिस्किटांचा डबा मात्र माझ्याच हाताशी ठेवते.

पण जळता जळता कान तिकडेच असायचे. सिल्वियाचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, त्यामुळे मला सगळं समजायचं. ती सांगायची, इटालियनमध्ये प्रश्न विचारायला शब्द हलवावे लागत नाहीत, आवाज चढवला की पुरे. आणि 'केक केलास?' म्हटलं की त्यात 'तू' आलाच, वेगळा बोलायची गरज नाही. तरी बोललीस, तोही वाक्याच्या शेवटी जोर देऊन, तर प्रश्न केकचा नाही, करणाऱ्याचा. मी मनात म्हटलं, अगं, आपण 'तूच' म्हणतो ना, तेच हे. त्यांच्याकडे 'च' नाही बिचाऱ्यांकडे.

नाताळात मी फुगे तळले, आपले वसईचे मैद्याचे गोड गोळे. सिल्वियाने गरम फुगा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि जेनिसकडे वळून विचारलं, "ली आई फात्ती तू?"

'तू' शेवटी! म्हणजे कुणी केले ते विचारतेय. जेनिसने तोंड उघडायच्या आत मी ओट्यापासून ओरडले, "ली ओ फात्ती ईओ!" केले मी. माझा 'मी'सुद्धा शेवटी.

सिल्वियाने टाळ्याच वाजवल्या. जेनिस म्हणाली, "आजी! आय वॉज गोइंग टू टेल हर!"

"कधी? इटलीत पोचल्यावर?"

"यू आर सो जेलस, आजी!"

"आहेच. मग?"

तेव्हापासून मंगळवारी मीही त्यांच्यात बसते. जेनिस माझे उच्चार सुधारते, वर दटावतेसुद्धा. पण परवा तिला कॉलेजचा होकार आला, तो तिने आधी सिल्वियाला सांगितला आणि मग मला. पोरगी जाणार ते दुःख बाजूलाच, आधी हे झोंबलं.

हिल्डा, वसईतल्या माझ्या खोलीत आता तुझी सून झोपते, हे तू फोनवर किती चाचरत सांगितलंस! मला खरंच काही वाटलं नाही गं, झोपू दे तिला. इथे मात्र कुणी माझ्या आधी नातीजवळ बसलं की अंगाचा तिळपापड होतो. माझं घर कुठे आहे, ते मला आता असंच कळतं.