दुपट्याचे अठ्ठेचाळीस दोरे

रविवारी घरी नातीचं बारसं होतं. यादीत गुरुवारपुढे एकच काम उरलं होतं: दुपट्याचे दोरे.

दुपटं सासूबाईंच्या दोन जुन्या सुती साड्यांचं. धुऊन धुऊन साय झालेल्या साड्या. आत पातळ कापूस, वरून मशीनवर शिवलेली बारा फुलं. प्रत्येक फूल सुटं, म्हणून प्रत्येकाला सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन असे चार दोरे. मशीन मागेपुढे चालवून टीप पक्की करता येते, पण तिथे टणक ढेकूळ होतं आणि ते बाळाला टोचतं. म्हणून मी दोरे वीतभर लांब सोडले होते. वरचा दोरा मागे ओढायचा, खालच्याशी गाठ मारायची, सुईत ओवून कापसात न्यायचा आणि मगच कापायचा. चोवीस वेळा करायला वैताग येतो, म्हणून सगळं एका बैठकीत करायचं ठरवलं आणि आधी बँकेचं काम उरकायला गेले.

परतले तर सासूबाई दुपटं मांडीवर घेऊन बसलेल्या. हातात कात्री, शेजारी दोऱ्यांचा पुंजका.

"झालं वं तुझं काम. मौद्याचे पाव्हणे येतीन, असं लोंबतं दुपटं पाहून काय म्हणतीन?"

"आई, सगळे कापले?"

"एक नाही ठेवला."

मी एका फुलाच्या टोकाला नखाने जरा उचकलं. तीन टाके सरळ हातात आले.

"काहून वं, गाठ नाही मारली का तू?"

"तीच मारायची होती, आई."

"गाठ मारल्याबिगर कोणी दोरा सोडते का? आन् मशीनीले गाठ मारता येत नाही तं एवढी महागाची कायले आणली?"

त्या भिवापूरकडच्या. जन्मभर हाताने गोधड्या शिवल्या. हातशिलाईत गाठ आधीच कापसात दडलेली असते, शेवटचे दोन टाके उलटे घेतले की उरलेला दोरा कचराच. त्यांच्या हिशेबाने त्यांनी माझा कचरा काढला होता. हे मला कळत होतं, आणि तरी डोकं फिरायचं ते फिरलंच.

नुसतं उसवलं असतं तर चाललं असतं. पण माझी मुलगी तान्ही असताना मोज्यातला एक सुटा दोरा तिच्या पायाच्या अंगठ्याला वळला होता. अंगठा जांभळा होईस्तोवर कोणालाच रडण्याचं कारण कळलं नाही. तो दोरा चाचपून काढला तो सासूबाईंनीच. मी त्याची आठवण करून दिली, तशी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. "उसव तू, मी भरतो."

गाठ मारण्याइतका दोरा मिळावा म्हणून प्रत्येक फुलाचे दोन्हीकडचे आठदहा टाके उसवायचे. मी ते उसवून, गाठ मारून, टोकं आत न्यायची. मोकळी जागा सासूबाई हाताने भरायच्या. सुई मीच ओवून द्यायची, कारण त्यांना भोक दिसत नाही. मध्येच त्या "तुझे टाके लयच बारीक, उसवतीन कसे?" म्हणून मलाच बोलायच्या. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. हलवायाला फोन, पाळण्याची फुलं, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं शनिवारवर ढकललं.

शनिवारी दुपारी चष्मा लावून मी दोन्ही बाजू तपासल्या आणि यादीत बरोबरची खूण केली.

सासूबाईंनी दुपटं ओढून घेतलं. मनगटाची आतली बाजू त्यावरून हळूहळू फिरवत गेल्या, डोळे मिटून.

"हे पाह्य. आन् हे, कोपऱ्यात."

दोन दोरे. माझ्या खुणेनंतरचे.

मी खूण खोडली, सुई ओवली. ते दोन्ही आत गेल्यावर त्यांनी पुन्हा सगळं दुपटं मनगटाखालून घातलं, घडी केली आणि मला परत दिलंच नाही. रविवारी ते त्यांच्याच हातून पाळण्यात गेलं.