रविवारचा पुकारा

सातवीतच माझी शाळा सुटली. आमच्या गावचे एक सरकारी वकील होते. रत्नागिरीहून त्यांची वाशिमला बदली झाली तेव्हा मलाही सोबत घेऊन आले आणि शब्द टाकून कोर्टात हंगामी शिपाई म्हणून चिकटवलं. उपकार मोठे. ‘हंगामी’ या शब्दाची धास्ती मात्र कायम. काम काय, तर व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा. तेवढा आवाज देवाने दिला होता.

एकदा मुंबईहून टीव्हीवाले आले, आमच्या सरकारी वकील साहेबांवर मालिका करायला. वाशिमात तेव्हा कुणाकडेच टीव्ही नव्हता, त्यामुळे साहेब किती प्रसिद्ध होणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती. रिकाम्या कोर्टात, रविवारी, एवढीच न्यायाधीशांची परवानगी. दिग्दर्शक म्हणाले, “पुकारा दमदार हवा. नाव कुठलंही घ्या.” मी गांगरलो आणि सोमवारी तारीख असलेल्या बैलचोरीतल्या आरोपीचंच नाव तोंडातून गेलं.

तो वाशिमजवळच्या मालेगावकडचा गडी, जामिनावर सुटलेला, नेमका बाजाराला आलेला. पिशवी बाहेर ठेवून, हात जोडून तो थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

“वा, काय नट आणलात!” दिग्दर्शक खूश.

साहेबांनी त्याला ओळखलं, पण कॅमेरा चालू होता. “बैल तूच सोडून नेलास?”

“हाव साहेब, नेला. कायले खोटं बोलू?”

सोमवारी आरोपीचे वकील तावातावाने उठले. “सुट्टीच्या दिवशी, मी नसताना माह्या पक्षकाराची तपासणी! फिलिम जप्त करा, मालिका थांबवा!”

न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. “पुकारा तू केलास?”

“केला, साहेब.” नाकारणार कसं? सगळ्या बाजाराने ऐकलेला.

“मग उद्यापासून...”

“याले काढता कायले, साहेब?” आरोपीचेच वकील मधे पडले. “त्या तपासणीचा हा माहा एकुलता साक्षीदार हाय. कोकणात गेला तं मी आणू कुठून?”

मालिकेला मनाई झाली आणि त्या कबुलीचा वाद तारखांवर तारखा घेत राहिला. साक्षीदार हाताशी हवा, म्हणून मी नोकरीत. साहेबांची फिल्म डब्यात पडली याचं वाईट वाटायचं, तरी पुढची तारीख मिळाली की मला झोप चांगली लागे. आरोपी दर वेळी व्हरांड्यात थांबून विचारायचा, “काहो दादा, खरंच बलावून राह्यले, का फिलिमसाठी?”

वाद निकाली निघायच्या आत मी कायम झालो. साहेबांच्या पाया पडायला गेलो, तर पाय मागे घेत म्हणाले, “माझ्या कशाला? त्या बैलवाल्याच्या पड.”