कैऱ्यांच्या पिशवीतला गोळा

आगगाडी सुटायला जो लोखंडी गोळा लागतो, तो मी कैऱ्यांच्या पिशवीत टाकला आणि ती पिशवी बायकोबरोबर घरी पाठवून दिली.

माझी बाजू मांडण्यासारखं यात फारसं काही नाही, तरी मांडतो.

सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडलं की उसाच्या पट्ट्यात एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची अरुंद लाइन आहे. पूर्वी तिच्यावरून ऊस जायचा, आता हौशी माणसं जातात. निवृत्त इंजिनिअर, प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर अशा मंडळींनी ते रूळ काटेरी झुडपांतून उकरून काढले, गंजलेलं इंजीन पुन्हा वाफेवर आणलं, आणि आता होळीपासून पावसाळा लागेपर्यंत दर रविवारी ते दोन डब्यांची गाडी चालवतात. पगार कोणालाच नाही, त्यामुळे शिस्त भयंकर.

मला यात ओढलं आमच्या शेजारच्या काकांनी. काका बँकेतून निवृत्त झालेले. जन्मभर व्याज काढलं, पण मनात लहानपणापासून एकच: इंजीन चालवायचं. या हौशी मंडळात त्यांनी रूळ घासले, तिकिटं फाडली, कोळसा ओढला. चालवायला मात्र मिळेना, कारण त्याआधी स्टेशनमास्तर बाईंची तोंडी परीक्षा. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवत. काकांना त्या नापासच करत राहिल्या.

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणायच्या, "पण तुम्ही ते आठवून सांगितलंत. आठवावं लागता कामा नये."

शेवटी पास केलं, तोवर काका पंचाहत्तरीला टेकले होते. आणि मंडळाचा नियम असा, की पंचाहत्तरी झाली की इंजिनावर चढायचं नाही. वाढदिवस त्याच आठवड्यात होता. म्हणजे काकांच्या वाट्याला हा एकच रविवार. जाताना गाडी उस्ताद चालवणार, येताना काका, असं ठरलं. उस्ताद म्हणजे गंज पेठेत स्वतःचा लेथचा कारखाना असलेले, मंडळातले सगळ्यांत जुने चालक.

मी त्या दिवशी गार्ड होतो. हिंजवडीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका तक्त्यात भरणं हा माझा पेशा. तेव्हा मला वाटलं, शिट्टी आणि झेंडा आपल्याला काय जड आहे?

शिट्टी आणि झेंडा नव्हतेच जड. जड होता तो गोळा. क्रिकेटच्या चेंडूएवढा, कातडी पिशवीत घातलेला. एकेरी लाइनवर ज्या गाडीकडे गोळा, तिलाच जायची परवानगी. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही सोय. पलीकडच्या टोकाला पोहोचलं की गार्डने चालकाकडून गोळा घ्यायचा आणि निघताना परत द्यायचा. एवढंच काम.

पाडवा नुकताच झाला होता. करंजाला कोवळी पालवी, कडुनिंबाच्या मोहराचा वास, आणि डब्यांत काकांचं सगळं गणगोत. काकूंनी तर इंजिनाला ओवाळायला ताम्हन आणलं होतं. टोकाला पोहोचलो, उस्तादांनी गोळा माझ्या हातात दिला, मी तो गळ्यात अडकवला आणि रुळांकडेला कैऱ्या विकणाऱ्या मावशींपुढे वाकलो. वाकलं की गोळा छातीवर आपटायचा. दोनदा आपटला. तिसऱ्यांदा मी तो काढून कापडी पिशवीत ठेवला आणि वर कैऱ्या भरल्या. बायको कार घेऊन परस्पर तिथे आली होती, तिला संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून लवकर निघायचं होतं. "पिशवी घेऊन जा, पन्हं कर," मी म्हणालो. वर, प्रेमाने, कारचं दारही लावलं.

काका इंजिनावर चढले. नवी निळी डांगरी, डोक्याला रुमाल. काकूंनी ओवाळलं. काकांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी हसून तो हातात घेतला आणि शुभेच्छा दिल्या.

"अहो, हात नको. गोळा द्या," काका म्हणाले.

बायकोला फोन लावला. ती हडपसरपर्यंत पोहोचली होती.

"अरे, मघापासून मागच्या सीटवर काहीतरी गडगडतंय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू नेहमीसारखा नारळ घेतलास."

ती वळून त्या ट्रॅफिकमधून परत येईपर्यंत बॉयलरमधलं पाणी पुरणार नव्हतं. टोकाला पाणी भरायची सोय नाही. उस्ताद म्हणाले, "आग विझवावी लागेल. मग आज गाडी नाही." काकांनी दांड्यावरचा हात काढला नाही.

मी बाईंना फोन केला. "बाई, लायनीवर गाडी एकच आहे. दुसरं इंजीनच नाही मंडळाकडे. टक्कर होणार कोणाशी?"

"तुम्ही लायनीवर असताना हे तुम्ही विचारता?"

"पण काकांचा शेवटचा..."

"मला माहीत आहे. त्यांना पास मी केलंय." मग पानं उलटल्याचा आवाज. "गोळा नसेल तर गाडीपुढे एक माणूस हिरवा झेंडा घेऊन चालत येईल. गाडी त्याच्या मागे, त्याच्या चालीने. असा नियम आहे."

"कोणी चालायचं?"

"ज्याच्याकडे झेंडा आहे तो गार्ड. तुमच्याकडे झेंडा तरी आहे ना?"

होता.

रुळांमधल्या आडव्या लाकडांवरून दोन-अडीच किलोमीटर चालून बघा. एका लाकडावरून पुढच्यावर एक पाऊल टाकलं तर लांब पडतं, दोन टाकली तर ठेचकाळायला होतं. त्यात डोक्यावर चैत्रातलं ऊन आणि पाठीशी ते तापलेलं, फुसफुसणारं धूड. जरा रेंगाळलो की काका शिट्टी मारायचे. एकदा रेंगाळलो नव्हतो तरी मारली. शेळ्यांचा एक कळप आम्हाला मागे टाकून पुढे गेला. उसाच्या कडेला ट्रॅक्टरवर बसलेला एक गडी ओरडला, "ओ सायेब, गाडी तुमच्या मागं लागलीया, का तुमीच तिला ओढताय?"

डब्यातून काकूंचा आवाज यायचा, "अहो, जरा जपून चालवा, ते म्हातारे नाहीत पण दिसतात दमलेले!" आणि सगळा डबा हसायचा. मागे वळून बघायची सोय नव्हती. एकदा वळलो तर ठेचकाळलो. पण तेवढ्यात दिसलं. काका एका बाजूने बाहेर झुकले होते, रुमाल मागे सरकलेला, तोंड काजळीने काळं झालेलं, आणि चेहरा असा, की मी लगेच पुन्हा पुढे बघून नीट चालायला लागलो.

स्टेशनात शिरलो तेव्हा फलाटावर सगळे टाळ्या वाजवत होते. बाईसुद्धा. काकांनी गाडी खुणेच्या दगडाशी अशी अलगद थांबवली की ताम्हनातलं निरांजन हललं नाही. उस्तादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. काका खाली उतरले, काकूंकडे बघून नुसती मान हलवली, आणि बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले.

मी फलाटाच्या कडेला बसून बूट काढत होतो. वाटलं, हीच वेळ आहे. म्हटलं, "काका, एका अर्थी बरंच झालं बघा. एरवी झटक्यात संपलं असतं. माझ्यामुळे तुम्हाला किती वेळ चालवायला मिळालं!"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"जन्मभर वाटायचं, इंजिनात उभं राहून समोरचे रूळ लांबवर बघावेत," ते म्हणाले. "बघितली तुमची पाठ. आणि तीही काही अरुंद नाही."