पंपाच्या तोंडाची जाळी

पंप हाऊसची ड्युटी आमच्या, लष्कराच्या इंजिनिअर्सच्या, सेक्शनकडे सोमवारी सकाळी सहा वाजता आली. तळ लडाखमध्ये होता, नदीपासून साधारण तीनशे मीटर अंतरावर, चढावर. नदीकाठी एक डिझेल पंप होता. तो पाणी उचलून उतारावरच्या टाकीत टाकायचा. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, बराकी आणि आग विझवण्याचा पाइप, तिन्हींना त्याच टाकीचं पाणी. मी हवालदार होतो आणि सेक्शनची जबाबदारी माझी होती. पंप नाईक मिलिंद जाधव चालवत असे.

जाधव अंबरनाथचा, शिवमंदिराच्या मागच्या वस्तीतला. मी बदलापूरचा, बेलवलीत वाढलेला. भरती होण्याआधी त्याने अंबरनाथ एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षं फिटरचं काम केलं होतं. पाइपलाइनबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि ते तो लपवत नसे.

"उस्ताद, बदलापूरवाल्यांना पंप म्हणजे विहिरीवरचा," तो म्हणायचा. "बटण दाबलं, पाणी आलं, घरी गेले."

"आणि अंबरनाथवाल्यांना?"

"आम्हाला पाणी कशाने येत नाही ते माहीत असतं."

पंपाच्या आधी, नदीतून येणाऱ्या पाइपवर, स्ट्रेनर बसवलेला होता. स्ट्रेनर म्हणजे पाइपवरचं लोखंडी भांडं. त्यात भोकं पाडलेली स्टीलची टोपली असते. दगड, काटक्या, गवत टोपलीत अडकतं आणि पंपाचं पातं वाचतं. आमच्या टोपलीची भोकं मसुराच्या दाण्याएवढी होती.

त्या महिन्यात ब्रिगेड कमांडरची व्हिजिट ठरली. लंगरच्या चहात बारीक रेती येत होती. सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. "साहब के कप में रेत दिखी तो तेरी खैर नहीं. जाली बदल." मी टोपलीच्या आतून पिठाच्या चाळणीसारखी बारीक जाळी बसवली. अर्ध्या तासाचं काम. चहा स्वच्छ झाला. रजिस्टरमध्ये नोंद केली: स्ट्रेनर सुधारला, सफाई दर सोमवारी.

तिसऱ्या दिवसापासून पंप दुपारी चारच्या सुमारास खडखडू लागला. आत कोणी फुटाणे भाजतंय असा आवाज. सकाळी काहीच नाही. जाधवने डिझेल तपासलं, बेल्ट तपासला, पाइपचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. सगळं ठीक होतं. मग त्याने लंगरमधून जॅमच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. सकाळी सहापासून दर दोन तासांनी नदीचं पाणी एका बाटलीत भरायचं, वर वेळ लिहायची आणि खिडकीत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्यांच्या तळाशी गाळ बसला होता. सहाच्या बाटलीत नखाएवढा. चारच्या बाटलीत दोन बोटं.

"बघा उस्ताद, नदी ड्युटी बदलते," तो म्हणाला. "वर बर्फावर ऊन पडतं दहा-अकराला. ते वितळलेलं पाणी गाळ घेऊन इथे पोचतं चारला. आपण सफाई करतो सोमवारी."

"म्हणजे रोज साफ करायची?"

"म्हणजे जाळी चुकली. पंपाला रेतीचं काही नाही, दगडाचं आहे. बारीक जाळी गाळ धरते, पंप ओढत राहतो, आत पाणी कमी पडतं आणि फुटाणे वाजतात." त्याने बोटावर मोजलं. "स्ट्रेनर घेताना आमचा जुना फोरमन तीनच गोष्टी विचारायचा. अडवायचं काय? वाहायला पाहिजे किती? आणि धुवायला लाइन बंद ठेवता येते का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर दोन टोपल्या शेजारी-शेजारी. एक चालू, एक धुवायला. पाणी इकडून तिकडे वळवायला मध्ये एक दांडा."

"आणि साहेबांचा चहा?"

"बारीक फिल्टर पंपाच्या पुढे लावा, लंगरच्या लाइनवर. तिथे ढकलायला जोर आहे. पंपाच्या मागे नाही."

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. दोन जुन्या टोपल्या स्टोअरमध्ये होत्या, वेल्डिंग सेट होता. काम एका दिवसाचं होतं. पण व्हिजिट तीन दिवसांवर आली होती आणि व्हिजिटच्या आधी चालू गोष्टीला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. रंग देतात, चुना मारतात, दगड रांगेत लावतात. पाइप उघडत नाहीत.

"व्हिजिट झाल्यावर," मी म्हणालो.

"उस्ताद, आग व्हिजिट बघून लागत नाही."

"व्हिजिट झाल्यावर, जाधव."

"ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी १६१० वाजता रॉकेलच्या स्टोअरला आग लागली. शेजारी एमआय रूम होती, तळाचा छोटा दवाखाना. आत तीन रुग्ण होते. एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता. दार एकच, तेही स्टोअरच्या बाजूला. रॉकेलच्या आगीवर पाणी मारत नाहीत. पाणी दवाखान्याच्या लाकडी भिंतीवर आणि दारावर मारत राहायचं होतं, रुग्ण बाहेर येईपर्यंत. मी चार जवानांसह पाइपवर होतो. टाकी अर्धी होती. जाधव खाली पंपावर एकटा होता.

१६१२ ला पंप सुरू झाला. १६१७ ला धार खाली आली.

"पंप, फायर पॉइंट. प्रेशर गिर रहा है. ओव्हर."

"फायर पॉइंट, पंप. स्ट्रेनर चोक. बंद करके खोलता हूँ. चार मिनट. ओव्हर."

चार मिनिटं टाकीतल्या पाण्यावर काढली. पहिला रुग्ण बाहेर आला. १६२२ ला धार परत आली. १६२५ ला पुन्हा गेली. टाकी रिकामी झाली होती. दाराच्या चौकटीतून धूर येऊ लागला.

"पंप, फायर पॉइंट. पानी चाहिए. ओव्हर."

रेडिओवर आम्ही कायम हिंदी बोलत असू. या वेळी तो मराठीत बोलला.

"उस्ताद, जाळी फाडून काढतोय. पंपाने हवा धरलीय. बादलीने पाणी भरून चालू करतो."

पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर स्ट्रेनर उघडल्यावर आत हवा शिरते. मग वरून पाणी ओतून पंप भरावा लागतो, तेव्हाच तो ओढतो. बादल्या नदीतून आणायच्या होत्या. दुपारच्या पाण्याने नदी काठाला लागली होती.

१६३१ ला धार आली. पूर्ण जोराची, गढूळ, रेती असलेली. आम्ही दार भिजवलं आणि दोन जवान आत गेले.

"उस्ताद, येतंय का?"

"येतंय. भरपूर येतंय."

"आणखी एक बादली भरून ठेवतो. परत हवा धरली तर हाताशी असू दे."

ते त्याचं शेवटचं बोलणं. १६३६ ला तिसरा रुग्ण बाहेर आला. १७०५ ला आग आटोक्यात आली. या काळात मी त्याला दोनदा कॉल दिला. उत्तर आलं नाही. पंप चालू होता, म्हणून मी समजलो की तो कामात आहे.

१७१० ला मी खाली गेलो. पंप व्यवस्थित चालत होता, आवाज साफ होता. प्रेशरचा काटा स्थिर होता. रेडिओ स्ट्रेनरच्या झाकणावर ठेवलेला होता. काढलेली जाळी दगडावर होती, गाळाने भरलेली. काठाचा हातभर तुकडा ढासळला होता. बादली नव्हती.

गस्तीच्या तुकडीला तो दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पुलापाशी सापडला.

मी त्याच्यासोबत अंबरनाथला आलो. त्याच्या आईने विचारलं, कसा गेला. मी सांगितलं, तीन माणसं वाचवताना गेला. ते खरं होतं. जाळी कोणी बसवली, ते मी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात युटिलिटी सुपरवायझर म्हणून लागलो. गेल्या वर्षी तिथे आगीसाठी नवा पंप बसवायचा ठरला. पाणी आवारातल्या उघड्या तलावातून घ्यायचं होतं. तलावात शेवाळ, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या. स्ट्रेनर निवडायचं काम माझ्याकडे आलं.

उल्हासनगरला पाइप फिटिंगचं दुकान असलेले एक सिंधी सेठ आहेत. त्यांनी समोर बारीक जाळीची टोपली ठेवली.

"फौजी, ये ले जाओ. फर्स्ट क्लास माल. पाणी एकदम आरशासारखा येणार."

"सेठ, मला पाणी प्यायचं नाहीये. आग विझवायचीय."

"अरे साईं, बारीक म्हणजे चांगला. सब लोग हेच मागतात."

"मला मोठ्या भोकांची द्या. सगळ्या भोकांची मिळून जागा पाइपच्या तोंडाच्या तिप्पट तरी पाहिजे, म्हणजे अर्धी भरली तरी पंप उपाशी राहणार नाही. आणि दोन टोपल्यांची. दांडा फिरवून बदलता आली पाहिजे."

"ते ऑर्डरवर बनेल. टाइम लागेल."

"लागू दे."

सेठनी टोपली परत फळीवर ठेवली आणि वही ओढली. "फौजी लोगों का दिमाग पाइप से भी सीधा," ते त्यांच्या माणसाला म्हणाले आणि माप लिहून घेतलं.

स्ट्रेनर महिन्याने आला. चाचणीत एक टोपली मुद्दाम शेवाळाने भरली. दांडा फिरवून दुसरी चालू केली. प्रेशरचा काटा जागचा हलला नाही.

मंजुरीच्या फॉर्मवर एक रकाना होता: निवड कोणाच्या सल्ल्याने. मी तिथे लिहिलं, नाईक मिलिंद जाधव, इंजिनिअर्स. फॉर्म प्लांट इंजिनिअर देशमुख मॅडमकडे गेला. त्यांनी मला बोलावलं.

"हे कन्सल्टंट आहेत का? आपल्या यादीत नाव नाही."

"नाही मॅडम. माझ्या सेक्शनमध्ये होते."

"ऑडिटला विचारतील. बारीक जाळी का नाही लावली, याचं उत्तर काय देऊ?"

"एकदा लावली होती, मॅडम. मी लावली होती. हे काढायला सांगत होते, मी थांबवलं. त्यात हे गेले."

पंधरा वर्षांत हे मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं होतं. मॅडमनी फॉर्म पुन्हा वाचला. नाव खोडलं नाही. खाली सही केली.

त्या संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर मी रिक्षा केली आणि शिवमंदिराच्या मागच्या वस्तीत गेलो. जाधवची आई घरी होती. मी जाळीचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्याचं काढायचं म्हणणं बरोबर होतं ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होतं, आई."

गेला तेव्हा जाधवचं वय एकोणतीस होतं.