पीठ लागलेल्या माश्या

माशीवाल्या वहिनीच्या नाकावर राग कायमचाच मुक्कामाला. नवरा गेल्यावर त्याच्या बारा मधपेट्या तिनं एकटीनं सांभाळल्या. माश्यांचे डंख निमूट सोसले, माणसांचा मात्र एक शब्द ऐकून घेतला नाही. भिंतीपलीकडे धाकट्या दिराच्या पेट्या. वाटण्या झाल्यापासून दोघांत बोलणं कामापुरतं.

यंदा हवेचं सगळंच बिनसलं. थंडी पडलीच नाही, झाडं महिनाभर आधी फुलली आणि पेट्यांमधली नवी पिल्लं उडण्याजोगी व्हायच्या आत फुलं गळूनही गेली. वर हे मेलं ऊन! उरल्यासुरल्या फुलांत रसाचा थेंब नाही. आणि उपाशी माशी फार वाईट हो, ती सरळ दुसऱ्या पेटीवर दरोडा घालते. भिंतीलगतची पेटी सगळ्यांत अशक्त, पण तीच नवऱ्यानं स्वतः धरून आणलेल्या मोहोळाची. ती जगावी म्हणून वहिनीनं आत साखरेचं पाणी ठेवलं. ते ठेवायचं असतं दिवस मावळल्यावर. हिला दम निघेना, हिनं भर दुपारी ठेवलं.

वास सुटला आणि तासाभरात कत्तल सुरू झाली. पेटीच्या दाराशी माश्या एकमेकींचे पंख उपटत होत्या, पाय तोडत होत्या, तिघीतिघी मिळून एकीला नांग्या मारत होत्या. खाली मेलेल्यांचा खच पडला.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिराच्याच माश्या, दुसरं कोण असणार? तोंडावरची जाळी तशीच ठेवून, पहार उचलून ती भिंतीपलीकडे गेली आणि त्याच्या पहिल्या पेटीवर तिनं दणका घातला. फळ्या फुटल्या, आतली मधाची पोळी मातीत पडली. दुसऱ्या पेटीवर पहार उगारली तसा दीर धावत मध्ये आला. घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि तो फुटक्या पेटीवरच कोसळला. अख्खं मोहोळ त्याच्या जाळी नसलेल्या तोंडावर तुटून पडलं. तो गुरासारखा ओरडत लोळत होता. शेवटी तिनंच त्याला काखेत धरून घरात ओढलं आणि दार लावलं.

त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. ओठ हलेनात, तरी तो म्हणाला, "वहिनी, पीठ टाकून बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. लुटून निघालेल्या माशीवर पीठ टाकायचं आणि पांढरी माशी कुठं जाते ते बघायचं, ही तिच्या नवऱ्याचीच शिकवण. मूठभर पीठ घेऊन ती परत आपल्या अंगणात गेली. पांढऱ्या माश्या उडाल्या. भिंत एकीनंही ओलांडली नाही. सगळ्या सरळ वहिनीच्याच तिसऱ्या पेटीत शिरल्या, तिच्या सगळ्यांत जोमदार पेटीत.

ती परत येऊन दाराशी उभी राहिली.

"कुणाच्या?" दिरानं विचारलं.

"माझ्याच, भाऊजी."

तो चाचपडत उठून बसला. मग म्हणाला, "माझी राणीमाशी मातीत पडली असेल. मला दिसत नाही. तुम्ही शोधा."

ती बाहेर फुटक्या पेटीपाशी गुडघ्यांवर बसून मधात कालवलेली माती चाचपत राहिली. हाताला किती डंख बसले, तिला कळलं नाही. राणी सापडली, फळीखाली चिरडलेली. आता आत जाऊन ते त्याला सांगायचं होतं.